कोण कोणाच्या गटात? टू-मोड नेटवर्कमधले गट शोधायला शिकताना

वाचनालयाचं देवघेव रजिस्टर उघडा. एका रकान्यात वाचकाचं नाव, दुसऱ्यात त्याने नेलेलं पुस्तक. वाचका-वाचकांत थेट नातं कुठेच लिहिलेलं नाही, पुस्तका-पुस्तकांतही नाही. नोंद आहे ती फक्त वाचक आणि पुस्तक यांच्यातली. अशा जाळ्याला टू-मोड नेटवर्क म्हणतात. कंपन्या आणि त्यांचे संचालक, फुलं आणि त्यांवर येणाऱ्या मधमाश्या, नाटकं आणि त्यांतले नट, बायका आणि त्या जिथे हळदीकुंकवाला गेल्या ती घरं, हे सगळं त्याच साच्यातलं. आणि प्रश्नही बहुतेकांना एकच पडतो: यात गट कोणते?

हा प्रश्न सॉफ्टवेअरला विचारणं दोन-तीन क्लिकचं काम आहे. अडचण पुढे येते. रंगीत चित्र हाती आलं की नवशिके तिथेच थांबतात, आणि ते चित्र तसंच का आलं हे विचारायचं राहून जातं. म्हणून इथे एकच छोटं उदाहरण घेऊन, प्रत्येक पायरीवर आकडे हाताने तपासत जाऊ. उदाहरण इतकं लहान आहे की वहीच्या एका पानावर मावतं, आणि तेच त्याचं मोल आहे.

सरावाची माहिती

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, नॅचेझ या गावी, अ‍ॅलिसन डेव्हिस हे कृष्णवर्णीय मानववंशशास्त्रज्ञ आणि बर्ले व मेरी गार्डनर हे गोरे दांपत्य वंशभेदाने दुभंगलेल्या समाजाचा अभ्यास करत होते. १९४१ साली आलेल्या त्यांच्या ‘डीप साउथ’ या पुस्तकात गावाचं नाव बदलून ‘ओल्ड सिटी’ केलं आहे, आणि उपशीर्षकात वंशभेदासाठी चक्क ‘कास्ट’ हा शब्द आहे. मराठी वाचक त्या शब्दापाशी थबकतोच. त्या पुस्तकात १८ गोऱ्या बायका आणि नऊ महिन्यांत झालेले १४ छोटे-मोठे समारंभ यांचा एक तक्ता आहे: कोण कुठे हजर होतं. मुलाखती, प्रत्यक्ष निरीक्षण, पाहुण्यांच्या याद्या आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या यांवरून तो तयार केला होता. नेटवर्क शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांनी गेली कित्येक दशकं याच तक्त्यावर हात बसवला आहे.

पूर्ण तक्ता इथेच देते, म्हणजे शोधत बसायला नको. नावापुढे समारंभांचे क्रमांक आहेत.

एव्हलिन: १ ते ६, ८, ९
लॉरा: १, २, ३, ५ ते ८
थेरेसा: २ ते ९
ब्रेंडा: १, ३ ते ८
शार्लट: ३, ४, ५, ७
फ्रान्सेस: ३, ५, ६, ८
एलेनॉर: ५ ते ८
पर्ल: ६, ८, ९
रूथ: ५, ७, ८, ९
व्हर्न: ७, ८, ९, १२
मायरा: ८, ९, १०, १२
कॅथरिन: ८, ९, १०, १२, १३, १४
सिल्व्हिया: ७ ते १०, १२, १३, १४
नोरा: ६, ७, ९ ते १४
हेलन: ७, ८, १०, ११, १२
डोरोथी: ८, ९
ऑलिव्हिया: ९, ११
फ्लोरा: ९, ११

एकूण हजेऱ्या ८९. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा पुन्हा लागणार आहे.

पायेक आणि त्याची फाइल

प्रोग्रामिंग येत नसेल तर सुरुवात पायेकपासून करा. स्लोव्हेनियन भाषेत पायेक म्हणजे कोळी. ल्युब्लियाना विद्यापीठातल्या व्लादिमीर बातागेल आणि आंद्रेय म्र्वार यांनी १९९६ पासून हे सॉफ्टवेअर वाढवत आणलं आहे. अव्यावसायिक वापरासाठी ते मोफत आहे आणि विंडोजवर चालतं. दिसायला जुनाट आहे, पण टू-मोड नेटवर्कसाठी त्यात स्वतंत्र मेनू आहे, आणि नवशिक्याला हवं असतं ते हेच.

फाइल साध्या नोटपॅडमध्ये तयार होते. पहिल्या ओळीत तारांकन, त्याला लागून ‘व्हर्टिसेस’ हा शब्द, मग ३२ आणि १८. पहिला आकडा एकूण नोडचा, म्हणजे १८ बायका अधिक १४ समारंभ. दुसरा फक्त पहिल्या बाजूचा. हा दुसरा आकडा विसरलात तर पायेकला हे नेटवर्क टू-मोड आहे हेच कळत नाही. त्याखाली ३२ ओळी: क्रमांक आणि दुहेरी अवतरणात नाव. १ ते १८ बायका, १९ ते ३२ समारंभ. मग तारांकन आणि ‘एजेस’, आणि त्याखाली प्रत्येक हजेरीची एक ओळ. एव्हलिन पहिल्या समारंभाला गेली, म्हणून १ आणि १९. डोरोथी सोळावी, ती आठव्या आणि नवव्याला गेली, म्हणून १६ आणि २६, मग १६ आणि २७. अशा ८९ ओळी.

तारांकनानंतरचे शब्द रोमन लिपीतच हवेत आणि आकडेही इंग्रजीच टाका. नावं मात्र देवनागरीत चालतात. त्यासाठी फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगच्या जागी ‘यूटीएफ-आठ विथ बॉम’ निवडा, नाहीतर नावांच्या जागी खुणांचा कचरा दिसेल.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण स्वतःची मराठी माहिती घेऊन बसाल तेव्हा पहिला फटका इथेच बसतो. कुलकर्णी आणि कुळकर्णी, एका पानावर ‘सौ.’ आहे आणि दुसऱ्यावर नाही, नावानंतर चुकून पडलेली एक मोकळी जागा, या प्रत्येकाने एका माणसाची दोन माणसं होतात. त्याहून फसवं म्हणजे बोऱ्हाडे किंवा गोऱ्हे यांसारखी आडनावं. त्यांतलं जोडाक्षर वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप होतं. डोळ्यांना तंतोतंत एक, सॉफ्टवेअरला दोन. त्यामुळे नावांवरून जुळवणी करूच नका. प्रत्येक माणसाला आधी एक क्रमांक द्या, वेगळ्या यादीत क्रमांक आणि नाव ठेवा, आणि हजेरी क्रमांकानेच भरा. दोन दिवस जास्त जातात, पण पुढचे दोन महिने वाचतात.

चित्राआधी मोजणी

‘फाइल → नेटवर्क → रीड’ने फाइल उघडा. ‘नेटवर्क → इन्फो → जनरल’मध्ये रेषा ८९ आहेत का बघा. मग ‘नेटवर्क → क्रिएट पार्टिशन → डिग्री → ऑल’ करून प्रत्येक नोडला किती रेषा आहेत ते पाहा. एव्हलिन, थेरेसा आणि नोरा प्रत्येकी ८, डोरोथी, ऑलिव्हिया आणि फ्लोरा प्रत्येकी २. समारंभांत आठव्याला १४ जणी, नवव्याला १२, सातव्याला १०. उलट पहिल्या, दुसऱ्या, तेराव्या आणि चौदाव्याला फक्त तिघी-तिघी. जुळलं नाही तर टाइप करताना चूक झाली आहे. पुढे जाऊ नका.

हे आकडे पडताळणीपुरते नाहीत. आठव्या समारंभाला १८ पैकी १४ जणी होत्या. तिथे कोण भेटलं यावरून कोण कोणाच्या जवळचं हे फारसं कळणार नाही, कारण जवळपास सगळ्याच तिथे होत्या. पहिल्या समारंभाला एव्हलिन, लॉरा आणि ब्रेंडा एवढ्याच होत्या. मैत्रीबद्दल तो छोटा समारंभ कितीतरी जास्त सांगतो. गट शोधण्याच्या बहुतेक पद्धतींमधला फरक म्हणजे या मोठ्या आणि छोट्या समारंभांना त्या किती किती वजन देतात, हाच.

चित्र हवंच असेल तर ‘नेटवर्क → टू-मोड नेटवर्क → पार्टिशन इन्टू टू मोड्स’ करा, मग ‘ड्रॉ → नेटवर्क + फर्स्ट पार्टिशन’, आणि चित्राच्या खिडकीत ‘लेआउट → एनर्जी → कामादा-कावाई → फ्री’. बायका एका रंगात, समारंभ दुसऱ्यात, आणि मधोमध आठवा नि नववा.

एका बाजूवर आणणं, आणि त्याची किंमत

सर्वांत रुळलेला रस्ता असा: समारंभ काढून टाकायचे आणि एकाच समारंभाला गेलेल्या दोन बायकांना थेट जोडायचं. याला प्रोजेक्शन म्हणतात. ‘नेटवर्क → टू-मोड नेटवर्क → टू-मोड टू वन-मोड’मध्ये जा. तिथले ‘इन्क्लूड लूप्स’ आणि ‘मल्टिपल लाइन्स’ हे दोन्ही पर्याय बंद ठेवा आणि ‘रोज’ (म्हणजे ओळी, इथे पहिली बाजू: बायका) निवडा. नव्या नेटवर्कमध्ये फक्त १८ बायका राहतात आणि रेषेचं मूल्य म्हणजे त्या दोघी किती समारंभांना एकत्र होत्या. एव्हलिन-थेरेसा ७, सिल्व्हिया-कॅथरिन ६, आणि असंच पुढे.

आता इन्फो बघा. १८ जणींमध्ये जास्तीत जास्त १५३ जोड्या होऊ शकतात, त्यांतल्या १३९ जोडल्या गेल्या आहेत. जवळजवळ सगळ्या सगळ्यांशी! एकट्या आठव्या समारंभाच्या १४ जणींतून ९१ जोड्या निघतात. मूळ माहितीत हजेऱ्याच ८९ होत्या, म्हणजे एका समारंभाने मूळ माहितीहून जास्त रेषा ओढल्या.

मी हे पहिल्यांदा अनुभवलं ते एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या रजिस्टरवर. कथा-कादंबरीवाले, चरित्रवाले, स्पर्धा परीक्षावाले असे वाचकांचे गट दिसतील अशी माझी खात्री होती. प्रोजेक्शन केलं तर एकच घट्ट गोळा. आठवडाभर मी सॉफ्टवेअरच्या मागे लागले होते. दोष माहितीतल्या दिवाळी अंकांचा होता: एक लोकप्रिय अंक जवळपास प्रत्येक घरी फिरून आला होता, आणि त्या एका अंकाने सगळ्या गावाला एकमेकांशी बांधून टाकलं होतं. तो अंक आणि तसे आणखी काही बाजूला काढल्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं लगेच वेगळी दिसली. तेव्हापासून डिग्रीची यादी पाहिल्याशिवाय मी प्रोजेक्शन करत नाही.

या गोळ्यावरचा सोपा उपाय म्हणजे कमजोर रेषा छाटणं. ‘नेटवर्क → क्रिएट न्यू नेटवर्क → ट्रान्सफॉर्म → रिमूव्ह → लाइन्स विथ व्हॅल्यू → लोअर दॅन’ आणि आकडा ४. मग ‘क्रिएट पार्टिशन → कम्पोनंट्स → वीक’. निकाल फार देखणा येतो. एका बाजूला एव्हलिन, लॉरा, थेरेसा, ब्रेंडा, शार्लट, फ्रान्सेस, एलेनॉर, रूथ अशा आठ जणी. दुसऱ्या बाजूला व्हर्न, मायरा, कॅथरिन, सिल्व्हिया, नोरा, हेलन अशा सहा. दोन्हींमध्ये एकही रेषा नाही.

पण पर्ल, डोरोथी, ऑलिव्हिया आणि फ्लोरा? चौघी एकट्या पडल्या. पर्ल तीनच समारंभांना गेली होती, बाकीच्या तिघी दोन-दोन. चार समारंभ कोणाबरोबर एकत्र असणं त्यांना शक्यच नव्हतं. ऑलिव्हिया आणि फ्लोरा तर गेल्या त्या दोन्ही ठिकाणी बरोबर गेल्या; तक्त्यात त्यांच्याइतकी तंतोतंत जुळणारी दुसरी जोडी नाही. तरी छाटणीने त्यांना वेगळं केलं. आकडा ३ करून पाहा: थेरेसा-सिल्व्हिया, रूथ-व्हर्न अशा रेषा परत येतात, दोन्ही गट एक होतात, आणि तरीही डोरोथी, ऑलिव्हिया, फ्लोरा बाहेरच राहतात. कमी येणाऱ्या माणसाला ही पद्धत न्याय देत नाही. तुमच्या माहितीत कमी हजेरीची माणसं म्हणजे गरीब घरातली, रात्रपाळीची किंवा अंगावर लहान मूल असलेली असतील, तर ही चूक आकड्यांपुरती राहत नाही.

म्हणून मूल्यं समतल करा. त्यासाठी प्रोजेक्शन पुन्हा करा, यावेळी ‘इन्क्लूड लूप्स’ चालू ठेवून, म्हणजे प्रत्येकीच्या स्वतःच्या हजेऱ्यांचा आकडाही सोबत राहतो, आणि मग त्याच मेनूतलं ‘नॉर्मलाइझ वन-मोड → जिओ’ वापरा. यात एकत्र हजेरीला दोघींच्या हजेऱ्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागतात. ऑलिव्हिया-फ्लोरा: २ भागिले २, म्हणजे १. एव्हलिन-थेरेसा: ७ भागिले ८, म्हणजे ०.८७५. आता दोन्ही जोड्या एका पट्टीवर आल्या. वेगळा मार्ग मार्क न्यूमन यांनी २००१ साली सहलेखनाच्या जाळ्यांसाठी वापरला: मोठ्या मेळाव्यातून निघणाऱ्या रेषेचं वजनच कमी करायचं. १४ जणींच्या समारंभातून प्रत्येक जोडीला १/१३, तिघींच्या समारंभातून १/२. दिवाळी अंकाच्या दुखण्यावर हे चांगलं औषध आहे.

लूवॉं, आणि एकदा चालवून का भागत नाही

गट पाडायचं काम पुष्कळदा लूवॉं पद्धतीकडे जातं. २००८ साली बेल्जियममधल्या लूवॉं विद्यापीठातून ती आली, म्हणून हे नाव. पायेकमध्ये ‘क्रिएट पार्टिशन → कम्युनिटीज → लूवॉं मेथड’. रेझोल्यूशन १ ठेवून सुरू करा. आकडा वाढवला की गट लहान आणि जास्त होतात, कमी केला की मोठे आणि थोडे. गेफी या चित्रमय सॉफ्टवेअरमध्ये हीच पद्धत ‘मॉड्युलॅरिटी’ नावाच्या बटणामागे आहे.

लूवॉं नोडना यादृच्छिक क्रमाने हात लावते, त्यामुळे दोन वेळा चालवली तर दोन उत्तरं येऊ शकतात. रीस्टार्टचा आकडा वाढवा, आणि वर स्वतः दहा वेळा चालवून प्रत्येक वेळी कोण कोणाबरोबर आलं ते लिहून ठेवा. दहाही वेळा बरोबर राहणारी माणसं म्हणजे गटाचा गाभा. इकडून तिकडे जाणारी माणसं वेगळ्या कागदावर लिहा, त्यांच्याकडे शेवटी यायचं आहे.

एक खड्डा इथे आहे. घाईत लोक प्रोजेक्शन न करता मूळ टू-मोड नेटवर्कवरच लूवॉं चालवतात. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, रंगही येतात. पण लूवॉं जी वाढवायला बघते ती मॉड्युलॅरिटी म्हणजे गटांच्या आतल्या प्रत्यक्ष रेषा वजा तिथे अपेक्षित रेषा, आणि नेहमीच्या सूत्रात कोणत्याही दोन नोडमध्ये रेषा असू शकते असं गृहीत आहे. एव्हलिन आणि थेरेसा यांच्यात ८ गुणिले ८ भागिले १७८ (८९ रेषांची दोन-दोन टोकं), म्हणजे साधारण ०.३६ रेषा ‘अपेक्षित’ धरली जाते. टू-मोडमध्ये बाई-बाई रेषा असूच शकत नाही. जे शक्यच नाही त्याची अपेक्षा धरून सगळा हिशेब केला जातो.

दोन्ही बाजू राखून

मायकल बार्बर यांनी २००७ साली हे सूत्र टू-मोडसाठी दुरुस्त केलं: अपेक्षा फक्त बाई आणि समारंभ यांच्यातच धरायची, आणि भागायचं ८९ ने. हा हिशेब एकदा कागदावर करून पाहाच. एव्हलिनच्या हजेऱ्या ८, आठव्या समारंभाला माणसं १४. ८ गुणिले १४ भागिले ८९, साधारण १.२६. म्हणजे तिने तिथे जाणं अपेक्षितच होतं. ती गेली, एक रेषा मिळाली, आणि हिशेब उणे ०.२६ वर आला. या हजेरीने तिला कोणत्याही गटाकडे ओढलं नाही. आता पहिला समारंभ: ८ गुणिले ३ भागिले ८९, ०.२७. ती गेली, आणि ०.७३ जमा. मोठा मेळावा आपोआप हलका, छोटी बैठक आपोआप जड. छाटणीचा आकडा ठरवायची वेळच येत नाही.

यासाठी आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बायपार्टाइट नावाचं पॅकेज आहे. ते मुळात फुलं आणि परागवाहक कीटकांच्या अभ्यासकांसाठी लिहिलेलं, पण बायका आणि समारंभांनाही तितकंच चालतं. १८ ओळी आणि १४ स्तंभांचा शून्य-एकचा तक्ता एक्सेलमध्ये करून आरमध्ये घ्या, तो मॅट्रिक्स स्वरूपात बदला, आणि त्यावर ‘कॉम्प्युट मॉड्यूल्स’ हे फंक्शन चालवा. त्यामागे स्टीफन बेकेट यांची २०१६ सालची पद्धत आहे. तीही यादृच्छिक सुरुवात करते, म्हणून आधी ‘सेट सीड’ला एक आकडा द्या आणि तो टिपून ठेवा, म्हणजे तीच सुरुवात पुन्हा मिळवता येते, आणि बरेचदा चालवून सर्वांत जास्त मॉड्युलॅरिटीचं उत्तर घ्या.

प्रत्येक गटात बायकाही येतात आणि समारंभही, हा या पद्धतीचा खरा फायदा. गट कोणता हे कळतंच, पण तो कशाभोवती जमला आहे हेही त्याच उत्तरात असतं. वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये याचा अर्थ वाचकांबरोबर त्यांची पुस्तकंही गटात दिसतात, आणि मग गटाला नाव द्यायला अंदाज लागत नाही. प्रोजेक्शनमध्ये हे सगळं पहिल्या पायरीलाच हरवलेलं असतं. वेळ एकाच पद्धतीपुरता असेल, तर मी हीच निवडेन.

काठावरची माणसं

लिंटन फ्रीमन यांनी २००३ साली या एका तक्त्यावर झालेली २१ विश्लेषणं एकत्र मांडून पाहिली. ठळक दोन गट बहुतेकांना सापडले होते. मतभेद होते ते काठावरच्यांबद्दल. तुमच्या वेगळ्या कागदावरही बहुधा तीच नावं आली असतील.

त्यांच्याकडे एकेक करून बघा. ऑलिव्हिया आणि फ्लोरा नवव्याला आणि अकराव्याला गेल्या. नववा सगळ्यांचा, त्यातून काही कळत नाही. अकराव्याला त्यांच्याशिवाय फक्त नोरा आणि हेलन होत्या. म्हणजे दुसऱ्या गटाकडे त्यांचा कल आहे, एकाच समारंभाच्या जोरावर का होईना. पर्ल सहाव्याला गेली. तिथे नोरा सोडली तर सगळ्या पहिल्या गटातल्या. पुरावा पातळ आहे, पण आहे.

डोरोथीचं तसं नाही. ती आठव्याला आणि नवव्याला गेली, सर्वांत मोठ्या दोन समारंभांना, आणि दुसरीकडे कुठेच नाही. ‘जिओ’ने समतल केल्यावर ती पर्लच्या जवळ येते, ०.८२. त्यानंतर रूथ, व्हर्न आणि मायरा तिघी अगदी सारख्या अंतरावर, ०.७१. रूथ पहिल्या गटातली, व्हर्न आणि मायरा दुसऱ्या. सॉफ्टवेअर तिला कुठला तरी रंग देईलच, कारण प्रत्येक नोडला रंग देणं त्याला भाग आहे. पण तिचा गट कोणता याचं उत्तर या तक्त्यात नाही. अहवालात तिच्या नावापुढे ‘अनिश्चित’ लिहा, आणि शेजारी तिच्या दोन हजेऱ्या आणि त्या समारंभांची १४ व १२ ही संख्या द्या. तुमच्या स्वतःच्या माहितीत अशी माणसं निघाली आणि ती हयात असतील, तर पुढची पायरी सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्यांना जाऊन भेटा आणि विचारा, तुमचं येणं-जाणं कोणाकडे असतं.